तारखेची जागा

शनिवार, ३ फेब्रुवारी

धाकट्या,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र सिमेंटच्या ट्रकवाल्याजवळ देते आहे. राजधानीत माल उतरवला की तो सभासद-निवासात येऊन तुझ्या हातात देईल. त्याला आत बोलव, पाणी दे. माणूस चांगला आहे. तुला मत दिलं होतं का विचारलं तर आठवत नाही म्हणाला.

बातमी अशी आहे. सायकलवाल्याची बायको गुरुवारी गेली. डायलिसिसच्या यादीत ती आठ महिने होती. नोव्हेंबरात एक खुर्ची रिकामी झाली, तेव्हा यादीत तिचंच नाव पहिलं होतं. खुर्ची तिला मिळाली नाही. नंतर एकही रिकामी झाली नाही. तेरावं व्हायच्या आधीच, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, सायकलवाला रुग्णालयात जाऊन बसला. नोव्हेंबरात काय झालं ते सांगा, एवढंच म्हणत राहिला. दुपारी कारकुनानं वैतागून फाइलच त्याच्यापुढे टाकली. आत तुझं लेटरहेड, खाली तुझी सही. 'सदर रुग्णास प्राधान्य द्यावे.' रुग्ण म्हणजे तुझे भाऊजी. सायकलवाल्यानं फोटो काढला. आज सकाळी तो फोटो वजनकाट्यावर, माझ्या केबिनच्या खिडकीपर्यंत आला. भंगारवाल्यानं दाखवला आणि लगेच फोन खिशात घातला. माझ्याकडे पाहून त्यालाच लाज वाटली.

"बाई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," म्हणाला. "खुर्ची मिळाली की कुणीही असंच करतो."

तुझा राजीनामा इथेच केबिनच्या खणात आहे, काट्याच्या प्रमाणपत्राखाली. दोन ओळी, तुझी सही, तारखेची जागा मोकळी. तुझ्या आधीच्या तिघांपैकी एकानं दोनदा पक्ष बदलला, दुसरा पाच वर्षांत दोनदा दिसला, तिसऱ्यानं पुलाच्या लोखंडात स्वतःचं घर बांधलं. लोक इतके पोळले की जो आधी राजीनामा लिहून देईल त्यालाच मत, असं ठरलं. तू हसत सही केलीस. तो कुणाजवळ ठेवायचा यावर मिनिटभरही वाद झाला नाही. सगळे म्हणाले, काट्यावरच्या बाईंजवळ. मी तुझी सख्खी बहीण असून. वीस वर्षांत माझ्या काट्यानं कुणाचा ट्रक जड किंवा हलका केलेला नाही, म्हणून.

नियम तुला पाठ आहे. मतदारयादीतून चिठ्ठ्या टाकून काढलेल्या एकवीस माणसांची समिती बसणार. चौदा हात वर झाले की मी तारीख घालायची आणि कागद सभागृहाच्या अध्यक्षांना पाठवायचा. बैठक बारा तारखेला आहे.

वर्तमानपत्रवाल्यांशी बोलू नकोस. मी आहे इथे.

ताई


शुक्रवार, ९ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझी चिठ्ठी मिळाली. एकच ओळ. 'ताई, ते पत्र कुणी लिहिलं?'

आधी ऑक्टोबर आठव. तुला मी चार वेळा फोन केला होता. यांना आडवं झोपता येत नव्हतं. केबिनच्या दाराशी लोखंडी खुर्चीत बसून झोपायचे. पायावर बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. डॉक्टर म्हणाले, मशीन मिळालं नाही तर तीन आठवडे धरा. यादीत यांचा नंबर सहावा. चौथ्या फोनला तू म्हणालास, "ताई, यादी म्हणजे यादी. मी तिच्यात हात घातला तर तूच माझा राजीनामा पाठवशील." आणि हसलास. मीही हसले. आपण दोघं किती छान हसलो, ते हे खुर्चीतून ऐकत होते.

निवडून आल्यावर तू सह्या करून दहा कोरे लेटरहेड माझ्याकडे ठेवलेस. कुणाला दाखला हवा, कुणाची पेन्शन अडली, कुणाला नळ हवा. एका सहीसाठी माणसानं दीडशे किलोमीटर येऊ नये म्हणून. मी तुला बावळट म्हटलं होतं. कोऱ्या कागदावर दोनच प्रकारची माणसं सही करतात, असंही म्हटलं होतं. दुसरा प्रकार कोणता ते तू विचारलं नाहीस.

मजकूर मी केबिनमध्ये छापला, पावत्यांच्या प्रिंटरवर. पाच मिनिटं लागली. बाहेर वाळूचा ट्रक काट्यावर उभा होता. त्याला थांबवलं नाही, आधी त्याची पावती दिली.

यादीत पहिलं नाव कुणाचं आहे ते मला ठाऊक नव्हतं.

हे खोटं आहे. यादी रुग्णालयात भिंतीवर लावलेली असते. मी ती रोज वाचत होते.

आता तुझं काम ऐक. समितीला एक ओळ लिही की पत्र मी लिहिलेलं नाही. ते खरंच आहे. त्यापुढे काही लिहू नकोस. कुणी विश्वास ठेवणार नाही, पण तू खोटं बोललास असं तरी होणार नाही. तुझ्यासाठी मी एवढंच करू शकते.

ताई


मंगळवार, १३ फेब्रुवारी

धाकट्या,

बैठक काल शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात झाली. बाकं लहान, माणसं मोठी. सगळ्यांचे गुडघे वर आलेले. सायकलवाला समितीत नाही, पण त्याला मागे बसू दिलं.

पोस्टमास्तरांनी तुझं निवेदन वाचलं. निवृत्त झाल्यापासून त्यांना दुसऱ्याची पत्रं मोठ्यानं वाचायची संधी मिळत नव्हती, त्यामुळे छान वाचलं. 'ते पत्र मी लिहिलेलं नाही. कुणी लिहिलं ते मी सांगणार नाही.' मी तुला एकच ओळ लिही म्हटलं होतं. पहिल्या ओळीवर दोघेतिघे विचार करत होते. दुसरीवर सगळा वर्ग हसला.

न्हावी म्हणाला, "माझ्या खुर्चीत बसणारा प्रत्येक जण म्हणतो, हे पांढरे केस माझे नव्हेत."

भाजीवाली म्हणाली, "कागद याचा, सही याची, मेहुणा याचा. मग लिहिलं काय वाऱ्यानं?"

प्राथमिकची नवीन बाई आहे ना, बारीकशी, तिनं हात वर केला. "त्यांना एकदा बोलावून ऐकून तरी घेऊ या."

"ऐकायचं काय त्यात?" न्हावी म्हणाला. "बोलून बोलूनच निवडून येतात ना हे?"

"पण आपण म्हणालो होतो की हा वेगळा आहे."

"आधीच्या तिघांनाही तेच म्हणालो होतो, बाई. तुम्ही तेव्हा शाळेत होता. बाकावर."

पुन्हा हशा झाला. ती खाली बसली. मग पोस्टमास्तर माझ्याकडे वळले. त्यांना फार अवघडल्यासारखं झालं होतं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बाई, विचारावं लागतं म्हणून विचारतो. तुम्हाला या पत्राची कल्पना होती?"

"नव्हती."

"असती तर?"

"फाडलं असतं."

कुणीतरी टाळी वाजवली. मग बऱ्याच जणांनी वाजवल्या. मी उभी राहिले आणि म्हटलं, की उद्यापासून यांना मशीनवरून उतरवते, खुर्ची यादीतल्या पुढच्याला द्या. लोक नाही म्हणणार हे मला माहीत होतं. फक्त आधी कोण म्हणेल ते माहीत नव्हतं.

सायकलवाला म्हणाला. मागून, खाली बघत. "नको. त्यांना उतरवून माझी परत यायची आहे का? आजारी माणसाचा काय दोष?"

त्याच्या बोटांच्या फटींत वंगण होतं. बायको जाऊन बारा दिवस झाले, दुकान उघडलं असावं.

एकोणीस हात वर झाले. दोन झाले नाहीत. एक त्या बाईंचा आणि एक म्हाताऱ्या गवंड्याचा. त्याला ऐकू येत नाही, प्रश्न कळला नाही.

तारीख मी तिथेच घातली. पोस्टमास्तरांनी त्यांचं पेन दिलं. अक्षर चांगलं आलं आहे, तू पाहशीलच.

ताई


बुधवार, २१ फेब्रुवारी

धाकट्या,

पेपरात वाचलं. अध्यक्षांनी विचारलं, सही तुमचीच का? तू हो म्हणालास. दबावाखाली दिला आहे का? तू नाही म्हणालास. दबाव होता एवढं म्हणाला असतास तर राजीनामा तिथेच फेटाळला गेला असता, असं पोस्टमास्तर सांगत होते. "चला, शेवटी तरी थोडी लाज वाटली त्याला," असं म्हणाले. वाईट मनानं म्हणाले नाहीत.

आपली पद्धत चालते हे आता सिद्ध झालं आहे. तीन गावांची माणसं ती बघायला आली होती. त्यांनाही त्यांच्या सभासदांकडून कोरा राजीनामा घ्यायचा आहे. कागद कुठे ठेवला होता, खणाला कुलूप कसलं होतं, सगळं विचारून गेले. एकानं विचारलं, सगळ्यात अवघड काय असतं? पोस्टमास्तर म्हणाले, "बाईंसारखं माणूस मिळणं." माझा केबिनसमोर फोटो काढला. जो पुढे निवडून येईल त्याचा कागदही माझ्याकडेच राहणार, हे त्याच वेळी ठरून गेलं.

सायकलवालाही येऊन गेला. केबिनच्या दाराचं बिजागर निखळलं होतं, ते त्यानं न सांगता बसवलं. म्हणाला, "तुम्ही सख्ख्या भावालाही सोडलं नाहीत." मी चहा दिला. त्यानं पिऊन कप धुऊन ठेवला. हल्ली घरी स्वतःच धुतो ना, सवय झाली असणार.

यांची तब्येत बरी आहे. मंगळवार आणि शुक्रवार मशीन. चार तास. आडवं झोपता येतं. पाय उतरले. त्यांना वाटतं, तू त्यांच्यासाठी खुर्ची घालवलीस. परवा जेवताना म्हणाले, "मी कोण लागून गेलो होतो गं त्याचा?" आणि ताटावरून उठले. मी ताट झाकून ठेवलं.

इकडे येऊ नकोस. आलास तर मला तुझ्याशी बोलता येणार नाही. लोक बघत असतात.

ताई


मंगळवार, ६ मार्च

धाकट्या,

यांना कळलं.

तू सांगितलं नाहीस, ते मला माहीत आहे. प्रिंटरनं सांगितलं. आजारी पडण्याआधी काट्यावर अधूनमधून हेही बसायचे, तुला आठवत असेल. तेव्हापासून प्रिंटरची एक पिन तुटलेली आहे. प्रत्येक अक्षराच्या पोटातून एक बारीक पांढरी रेघ जाते. दुरुस्त करून घे म्हणून हे माझ्यामागे लागले होते. मी म्हटलं, आकडे वाचता येतात ना, बास. तुझं ते पत्र यांनी कधी पाहिलं नव्हतं, मी पाहू दिलं नव्हतं. मागच्या मंगळवारी शेजारच्या मशीनवरच्या माणसानं फोटो दाखवला, यांच्या फोनवरही पाठवला. याच्यामुळे तुम्ही इथे आहात, असं म्हणून.

घरी आले. कपडे बदलले. मग एक जुनी पावती आणि तो फोटो उघडलेला फोन माझ्यापुढे शेजारी शेजारी ठेवला.

"हे काय आहे?"

"पावती."

"आणि हे?"

मी पावती उलटी करून ठेवली.

"पहिलं नाव तिचं आहे, हे माहीत होतं तुला?"

"होतं."

"तिच्या नवऱ्यानं तुझं दार नीट केलं."

"मी सांगितलं नव्हतं त्याला."

त्यावर यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू तिसऱ्याच कुणाशी बोलत असावेत. म्हणाले, "समितीला सांग. मी सांगणार नाही, तू सांग. तू सांगितलंस की मी मशीनवर जाईन."

शुक्रवारी गेले नाहीत. आज मंगळवार, आजही गेले नाहीत. नर्सचा दोनदा फोन आला. मी सर्दी झाली म्हणून सांगितलं.

तोच कागद गावभर फिरला. त्या रेघेच्या पावत्या रोज शंभर माणसं खिशात घालतात. एकालाही दिसली नाही. कुणी बघितलंच नाही. तुझ्या बाबतीत बघायची गरज नव्हती आणि माझ्या बाबतीत शंका नव्हती.

हट्टी आहेत, पण श्वास अडकला की माणूस ऐकतो. शुक्रवारपर्यंत येतील ठिकाणावर.

ताई


शुक्रवार, ९ मार्च

धाकट्या,

आले नाहीत. आज तिसरी वेळ चुकली. पुन्हा त्या लोखंडी खुर्चीत बसलेत. बोलताना मधे थांबावं लागतं. ओठांना चव नाही म्हणतात, पाणी नको म्हणतात. डॉक्टर घरी येऊन गेले. रविवारी संध्याकाळच्या आत मशीन लागलं नाही तर नंतरच्या दाखल्यावर मी सही करणार नाही, म्हणाले. कसला दाखला ते मी विचारलं नाही.

समितीला सांगून टाकावं असं मनात आलं नाही, असं नाही. बुधवारी मी पोस्टमास्तरांच्या दारापर्यंत गेले होते. आत ते नातीला माझी गोष्ट सांगत होते. काट्यावरच्या बाईची. मी बाहेर उभी राहून शेवटपर्यंत ऐकली आणि परत आले.

स्वतःला मी असं समजावलं, की लोकांचा सभासदांवर विश्वास नाही, पोलिसांवर नाही, पेपरांवर नाही. एका बाईवर विश्वास उरला आहे, तोही काढून घेतला तर ही माणसं कुठे जातील? कारण चांगलं आहे. तुझ्या जुन्या भाषणांत शोभलं असतं. खरं कारण लहान आहे. ट्रकवाला पावती घेतो आणि न वाचता खिशात घालतो. ते मला रोज बघायचं आहे. यांच्याशिवाय मी राहू शकेन का, हा विचार करून पाहिला. त्या पावतीशिवाय राहू शकेन का, हाही करून पाहिला. उत्तर तुला लिहीत नाही.

म्हणून आज दुपारी मी यांना सांगितलं, की मी समितीपुढे सगळं कबूल केलं.

यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. पंचवीस वर्षांचा संसार आहे. मग म्हणाले, "धाकट्याला फोन लावून दे. त्याच्या तोंडून ऐकतो. त्यानं मला आजवर एकदाही खोटं सांगितलेलं नाही."

मी म्हटलं, तो प्रवासात आहे, रविवारी सकाळी भेटेल. तोवर हे पत्र तुझ्या हातात पडेल. ट्रकवाल्याला रिकामाच पाठवते आहे, माल न भरता.

रविवारी दहा वाजता फोन येईल. माझा नव्हे, यांच्या नंबरवरून. तो तू उचलतोस. सांगायचं ते असं: पोस्टमास्तरांनी तुला फोन करून माफी मागितली. न्हाव्यानंही मागितली. ताईनं भर बैठकीत उभं राहून सांगितलं. सायकलवाला काय म्हणाला असं हे नक्की विचारतील. तो काही बोलला नाही, उठून निघून गेला, असं सांग. ते यांना पटेल. फार बोलू नकोस, तू खोटं बोलताना वाक्यं लांबवतोस; लहानपणी त्यावरूनच पकडायचे मी. नर्सला दुपारी दोनची खुर्ची धरून ठेवायला सांगितली आहे.

पुढेही मधून मधून सांगत राहावं लागेल. तू परत उभा राहणार का, लोक काय म्हणतात, असं हे विचारत राहतील. मशीन सोडलं तर त्यांना बाहेर पडता येत नाही आणि आमच्याकडे आता कुणी फारसं येत नाही, तेव्हा जमेल.

तुझ्यावर विश्वास असलेला हा एकच माणूस उरला आहे. मला नेमका त्याचाच विश्वास हवा आहे, याचं वाईट वाटतं. नाही म्हणालास तर निदान एका घरात तू निर्दोष राहशील, आणि त्या घरातला तो माणूस आठवड्याच्या आत जाईल. पण तू नाही म्हणणार नाहीस. लोकांनी तुला निवडून दिलं होतं, त्यात त्यांची काहीच चूक झाली नव्हती.

ताई